खिशातले अक्रोड

एकावन्न किलो.
तेक्लेने आकडा वहीत उतरवला, वर न बघता,
दुधाचा रतीब मांडावा तसा.

मी जुम्बेर. कुताइसीतला तमादा.
चाळीस वर्षं लग्नांत, बारशांत, मयताच्या जेवणांत
टेबलाच्या टोकाशी उभा राहून पेला उचलला मी.
माझं बोलणं संपेपर्यंत
अख्खी पंगत घास हातात धरून थांबायची.
मार्चमध्ये डॉक्टरांनी अर्धं पोट काढून नेलं.
उरलेलं अर्धं
तिसऱ्या घासालाच हात जोडतं.

लामारा म्हणाली, दवाखान्यात मंगळवारी एक मुलगी बसते,
काय खायचं ते सांगते.
मी हसलो. आता कुताइसीच्या माणसाला
खायला शिकवायचं?
लिफ्ट बंद होती. दोन जिन्यांत चारदा टेकलो.

आवडतं काय, हे तिने विचारलंच नाही.
विचारलं, काल काय खाल्लं,
पानात किती उरलं,
आणि उरलेलं कुणी खाल्लं.
कुत्र्याने, म्हणालो. तेही तिने लिहून घेतलं.

मग कागद आडवा धरून सहा रकाने आखले.
सातला अंडं, लोणी फासलेला पाव, कड काढून.
दहाला वाटीभर मात्सोनी, त्यात अक्रोडाची पूड.
एकला लोबियो, शिजून मेण झालेला,
वरून चमचाभर तेल, हात आखडायचा नाही.
चारला चीज. सातला मासा नाहीतर कोंबडी, मुठीएवढी.
झोपण्याआधी पुन्हा मात्सोनी, दुधाची पावडर कालवून.
जेवताना पाणी नाही. अर्ध्या तासाने, घोट घोट.
मध?
मध नको, घेरी येईल.
वाइन?
सध्या नाही.
त्या ‘सध्या’वर मी महिना काढला.

घरी लामाराने मोठी ताटं कपाटावर चढवली,
नातीच्या वाट्या खाली काढल्या, बदकांची चित्रं असलेल्या.
कागद फ्रिजला चिकटवला. घड्याळात सहा गजर.
शेजारची झुझुना खाचापुरी घेऊन आली,
वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि काही न बोलता खाचापुरीची पातळ पट्टी कापली.
ती बाई गप्प बसली, तेव्हा कळलं
मी किती सनकाडी झालोय.

पहिल्या आठवड्यात दोनशे ग्रॅम कमी.
दुसऱ्यात तेवढंच.
खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, लाज तेवढी लागत होती.

तिसऱ्या मंगळवारी मी कोट घालून गेलो.
बावन्न किलो सातशे.
तेक्लेने काट्याकडे बघितलं, मग माझ्या अस्तराकडे.
बात्तोनो जुम्बेर, कोट काढा.
काढताना खिसे खुळखुळले.
माझ्याच झाडाचे अक्रोड. सालासकट.

ती रागावली असती तर बरं झालं असतं.
तिने दार लोटलं,
स्टेपलरने एक फोडला, मग दुसरा.
हे असे कोटात ठेवून वजन वाढत नाही, म्हणाली.
इथे बसा. बारीक चावा. घाई नाही.
आणि तिसरा फोडून तिने स्वतःच खाल्ला.
सकाळपासून चहावर होती पोर,
मनगटं बघितली तर माझ्यासारखीच.

चाळीस वर्षांची खोड. मी उभा राहिलो.
पेला नव्हता, अर्धा अक्रोड उचलला.
पूर्वजांचं, द्राक्षांचं, शांततेचं काही सुचेना.
म्हणालो, ताटात किती उरलं
हे विचारणाऱ्यांच्या नावाने. गाउमारजोस.
बाहेर पुढचा पेशंट खोकला.
एवढं छोटं भाषण मी आयुष्यात केलं नव्हतं.

आज त्रेपन्न किलो चारशे. बिनकोटाचे.
पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं भोक
या आठवड्यात मोकळं राहिलं.
लामारा म्हणते, मूठभर मांस चढलं.
तिची मूठ लहान आहे, मला ठाऊक आहे.
पण थांबा, गजर वाजला,
चारची वाटी आलीय.