एकोणपन्नास

मागितली होती एकशे वीस.
यजमान क्लबचं पत्र आलं चार ओळींचं:
सुरक्षेच्या कारणास्तव, एकोणपन्नास.
अट्रॅक्टाने ते खाटकाच्या काचेवर चिकटवलं
सॉसेजच्या भावाखाली,
म्हणजे शिव्या तिला मिळू नयेत,
परस्पर डब्लिनला पोचाव्यात.

मी या क्लबचा कुणी नाही.
बस माझी आहे. हप्ते बाकी आहेत, पण बस माझी.
अकरा वर्षं, शुक्रवाराआड शुक्रवार,
यांना किलकारातून उचलतो,
रूस्की, लाँगफर्ड, मलिंगार,
हॅमची सँडविचं, ओले मफलर,
मागच्या बाकावर पोरांची ती गाणी
ज्यांत रेफ्रीच्या आईचा उद्धार होतो
आणि पुढच्या सीटवर सिस्टर बेनिग्नस
खिडकीबाहेरच्या गायी मोजू लागतात.
सगळ्यांना मी आरशातून ओळखतो.
मॅलकी भांग कोणत्या बाजूला पाडतो विचारलंत
तर उलटं सांगेन.

सामना कधी पाहिला नाही. ऐकतो.
बस मैदानाच्या भिंतीला लावायची,
काच दोन बोटं खाली, थर्मासचा चहा.
त्यांचा गोल झाला की भिंत थरथरते.
आमचा झाला की
ओट्यावरून झाकण पडावं एवढाच आवाज,
आणि त्यामागून जी शांतता पसरते
तिच्यात आमचा एकेक जण वेगळा ऐकू येतो.
आमचा म्हणालो का मी? असू दे.

त्या शुक्रवारी फिडेल्माच्या गुडघ्याला तारीख मिळाली,
दीड वर्ष रांगेत थांबून, नेमकी सामन्याची.
गुडघा थांबेल, ती म्हणाली.
मुलगी म्हणाली, गुडघा थांबलाच आहे, आई, म्हणून तर.
हे भांडण मिटेपर्यंत आम्ही लाँगफर्ड ओलांडलं होतं
आणि तिकिटासाठी झुरणारे सत्तर जण
मागे किलकारात राहिले होते.
अट्रॅक्टाने ते माझ्या स्टिअरिंगवर ठेवलं.
काही बोलली नाही.

पाहुण्यांची जागा कॉर्नरच्या झेंड्यामागे,
वर छप्पर नाही.
शेजारी त्यांचा स्टँड, लाल खुर्च्या
सहाशे तरी रिकाम्या, कोरड्या ठणठणीत.
सुरक्षेच्या कारणास्तव, मॅलकी म्हणाला
आणि टोपी काढून खुर्च्यांना अदबीने वाकला.
हातांचं काय करायचं मला कळेना.
स्टिअरिंग नसलं की ते लोंबतात.

एकाहत्तराव्या मिनिटाला आमचा गोल झाला.
तो मी पाहिला नाही.
पाठमोरा होतो, यांच्याकडे तोंड करून.
मॅलकीचा भांग डावीकडे आहे.
सिस्टर बेनिग्नसना ते गाणं पाठ आहे,
रेफ्रीच्या आईसकट.

पुढचे दोन मात्र नीट पाहिले. ते त्यांचे होते.
भोंग्यातून उपस्थिती जाहीर झाली: अठराशे बारा.
मॅलकी दर सामन्याला स्वतः डोकी मोजतो.
वहीत त्याने बाराशे लिहिले,
आणि पुढे: बाकी खुर्च्या.

बसच्या दाराशी मी नेहमीसारखी मोजदाद केली.
अठ्ठेचाळीस.
पुन्हा मोजले. अठ्ठेचाळीस.
तिकिटं तर एकोणपन्नास फाडली होती.
पोरांना संडासाकडे पिटाळलं, चिप्सच्या दुकानात पाहून आले,
सिस्टर फाटकापर्यंत जाऊन आल्या पावसात.
अट्रॅक्टा यादीवर बोट फिरवत राहिली,
मग बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाली,
कोलमन, अरे, वर ये. बस.

रूस्कीपाशी फिडेल्माचा फोन आला.
गुंगी उतरत होती, जीभ जड होती.
गोल कसा झाला, तिला ऐकायचं होतं.
सगळे एकदम सांगू लागले,
पाच जणांनी पाच वेगळे गोल केले.
मग अट्रॅक्टाने फोन माझ्या कानाशी धरला.

मी म्हणालो, मला नाही माहीत, बाई.
पण आवाज मोठा होता.
आतून मोठा असतो.