सात की नऊ

नारिनमध्ये त्या दुपारी उणे एकवीस होतं.
रेंज फक्त खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात,
म्हणून फोन तिथे काचेला टेकवलेला,
आणि लॅपटॉप भट्टीजवळ,
कारण थंडीत त्याची बॅटरी बघता बघता मान टाकते.
मधे मी, दोघांची मर्जी सांभाळत.

तीस एमबी. पट्टी सरकत होती
मुंगीनं साखर न्यावी तशी.
काय येतंय त्यातून? बूरुल एजेनं विचारलं.
नोड, मी म्हटलं.
म्हणजे?
म्हणजे ही भाषा इतके दिवस ब्राउझरच्या अंगणात खेळायची,
आता तिला घरात घेतोय. कामाला लावणार.
मग आधी बूट काढायला सांग, एजे म्हणाली
आणि भट्टीत गोवरी सारली.

पहिल्यांदा चुकलंच.
नव्याच्या हौसेनं मी विषम आकड्याची आवृत्ती उतरवली,
आणि साखळीचं सगळं सामान अडून बसलं: अठराच हवी.
सम आकड्यांना इथे आयुष्य असतं,
विषमांचं राज्य औटघटकेचं.
काढली. पुन्हा तीस एमबी. पुन्हा मुंगी.

मग टर्मिनल म्हणालं, या नावाचं इथे कुणी नाही.
पाहुणा आत येऊन बसलेला, आणि घर ओळख देईना!
पाथ द्यायचा राहिला होता.
कॉम्प्युटरला वाट दाखवावी लागते,
नाहीतर तो आपली लावतो.

अंधार पडता पडता आत जागा झाला कुणीतरी.
एक अधिक एक, मी लिहिलं.
दोन, तो म्हणाला.
एजे हसली, खोकली, पुन्हा हसली.
एवढ्यासाठी दुपार गेली?

तिच्या मांडीवर शिर्दाक होता, अर्धा.
दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून
एकाच सुरीनं कापतात,
लालमधून निघालेलं शिंग काळ्याच्या खाचेत बसतं.
एक तुकडा नखाएवढा जरी बदलला
तरी शेजारचा बसत नाही.
साखळी अशीच असते, मी म्हटलं.
तिनं सुई थांबवली.

कारण हे सगळं सुरू झालं होतं वहीवरून.
लोकरीची वही, चौदा बायकांची, एजेच्या हाती.
शरदात वाटप झालं तेव्हा दिसलं:
तुर्सुनाय, सात पोती. साताचे कुणीतरी नऊ केलेले,
शाई वेगळी.
सगळ्यांनी तुर्सुनायकडे पाहिलं. तिनं जमिनीकडे.
मग ठरलं, मला बोलवायचं.

यात लिहिलेलं पुसता येत नाही ना?
नाही.
आणि सगळ्यांना दिसतं?
सगळ्यांना.
सुई तशीच, अधांतरी.

मीच केले नऊ, एजे म्हणाली.
तिचा नवरा तेव्हा बिश्केकला, हॉस्पिटलात.
माझ्या बाराची दहा केली, त्याच शाईनं, वरच्याच ओळीत.
ते कुणी पाहिलंच नाही.

सांगायचं नाही का मग? तुर्सुनायला तरी?
तिला माहीत आहे.
म्हणून तर खाली बघत होती.

बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकून गप्प झाला.
माझ्या डोक्यात उत्तरं होती:
कारणांसाठी एक रकाना ठेवता येईल,
दुरुस्तीची वेगळी नोंद करता येईल, सहीसकट.
एकही तोंडातून बाहेर पडलं नाही.

उद्यापासून सुरू कर, ती म्हणाली,
आजपर्यंतचं वहीत राहू दे.
आणि वही नमद्याखाली सारून तिच्यावर बसली.

पहिल्या ठोकळ्याला मागचा ठोकळा नसतो.
ज्या जागी मागच्याची खूण लिहायची
तिथे नुसती शून्यं भरतात, चौसष्ट.
मी भरत गेले.
बॅटरी अकरा टक्के.
एजेनं दोरा दातानं तोडला आणि विचारलं,
जेवूनच जाशील ना?