दीड टक्का

"हा वास आमच्या हौदाचा की ओ,"
दारातूनच म्हणाला अंबादास येमूल.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचं सूत धुतो तो,
चौदा वर्षं. कोपरापर्यंत कातडी कागदासारखी.
त्याचा भार्गव माझ्या खुर्चीत, वय नऊ,
वरचा पुढचा दात जानेवारीत गड्ड्याच्या पाळण्यावर आपटलेला,
मे महिन्यात हिरडीवर फोड.
बाहेरून पांढराच. आत मेलेला.
मूळ अर्धंच झालंय, टोक उघडं,
भिंती अंड्याच्या टरफलाएवढ्या.

म्हटलं, हो, तेच पाणी. फक्त पातळ. दीड टक्का.
"कडक घालू नका बाई.
कडक पाण्यात सूत झकास पांढरं होतं
आन् मागावर चढवलं की तटातटा तुटतं."
एम.डी.एस.च्या तीन वर्षांत
मला हेच शिकवलं होतं,
दोनशे स्लाइड लावून.

मग हळू धुतलं.
सुई टोकाच्या अलीकडे रोखून, वीस मिली, पाच मिनिटं.
रेश्माबानू सक्शन धरून घड्याळ बघत होती,
भार्गव पंख्याची पाती मोजत होता.
तीनच होती, तरी मोजत होता.

औषध भरून तीन आठवडे बंद.

परत आला तेव्हा फोड बसलेला.
आता दुसरं पाणी, ईडीटीए.
हे कुणाला मारत नाही, चुना सोडवतं.
दाताच्या भिंतीत, मूळ घडताना,
म्हणजे हा बालवाडीत डबा सांडत होता तेव्हा,
चिणली गेलेली प्रथिनं असतात:
वाढ म्हणणारी, इकडे या म्हणणारी.
ती माझ्या सिरिंजमध्ये नाहीत,
कपाटातल्या कुठल्या बाटलीत नाहीत.
मी फक्त चुना विरघळवते
आणि गप्प बसते.

नंतरच्या कामाची मला अजून धाकधूक.
बारीक फाइल मुळापलीकडे नेऊन
मुद्दाम टोचायचं.
सगळी विद्या रक्त थांबवायची,
इथे ते वर येईतो वाट बघायची.
आलं.
अंबादासनं मान वळवली,
कॅलेंडरवरच्या मार्कंडेयाकडे बघत राहिला.
गोठलेल्या लालवर मी पांढरं झाकण बसवलं.

फेब्रुवारीतला एक्स-रे:
टोक थोडं मिटलंय.
डावी भिंत केसभर जाड. उजवी तशीच.
"वाढला म्हणायचं का?"
वाढतोय बहुतेक, म्हटलं. पक्कं नाही सांगत.
त्यानं मान हलवली.
"रंग पण वाळल्यावरच कळतो."

दातावर बर्फाची कांडी टेकवली.
गार लागलं का रे?
"नाय."
कांडी काढली. टिपत होते, नाही, नाही,
रेश्माबानू पुढच्या पेशंटला हाक मारायला निघाली,
तेवढ्यात भार्गव खुर्चीत ताठ झाला.

"मॅडम,
मगाचचं आत्ता लागलं."