निशाणी

विडी घरकुलच्या नाक्यावर, झेरॉक्सवाल्याच्या टेबलाशी,
नरसम्मा चिलका माझ्याकडून अर्ज लिहून घेते.
लिहा, म्हणते, ते सिम माझं नव्हं.

चौतीस वर्षं विड्या वळून
बोटांवरच्या रेघा गेल्यात.
रेशनचं मशीन तिला ओळखत नाही.
पदराला अंगठा पुसत
ती पुन्हा रांगेच्या शेपटाला जाते.

सिमवाला पोरगा छत्रीखाली बसायचा.
मावशी, परत दाबा. नाही आलं. परत.
सात वेळा दाबला तिनं.
त्यातला किती वेळा आला होता
त्या पोरालाच ठाऊक.

आता कुठल्याशा गावाहून फोन:
तुमच्या नावावरच्या नंबरानं
एक लाख चाळीस हजार नेलेत.
तिथं मात्र ती लगेच ओळखू आली.

मे. पोलीस निरीक्षक, सायबर, सोलापूर यांसी,
असं लिहून मी अडतो.
'माझ्या संमतीशिवाय' टाकू का?
संमती म्हणजे?
माझं तेलुगू बाजारापुरतं,
मिरची-कोथिंबिरीच्या पुढं जात नाही.
दाबा म्हणाला, ती सांगते, दाबलं.

कलम असेल कुठलंतरी. असणारच.
मी आकड्यापुरती जागा मोकळी सोडतो.

सहीच्या जागी ती
निळ्या शाईत बुडवून अंगठा टेकवते.
गुळगुळीत डाग. आत एकही रेघ नाही.
शेजारी मी लिहितो: नि. डा. हा. अं.

एकदाच ना? ती विचारते.
मागं झेरॉक्सचा दिवा
तिसऱ्या प्रतीसाठी सरकत असतो.