जातीचा रकाना

कळमेश्वर रोडला माझा गहू एका उंचीचा नाही.
बन्सी, खपली, कठिया:
नऊ हिवाळ्यांमागे चिमट्यानं
एकेका फुलातले परागकोश काढले,
कागदी टोप्या चढवल्या,
पुढं सगळे दाणे एकाच पोत्यात.

खत शेणाचं, पाणी एकदाच.
तांबेऱ्याच्या साली एक ओंबी गंजली,
तिला खेटून उभी होती ती भरली.
कोणती, ते मी ठरवलं नव्हतं.

आज सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत
बाबू पेन रोखून विचारतो, "जात?"
"एक नाही," मी म्हणते.
"मॅडम, रकाना आहे."

मागं बाकावर ईस्तारी मेश्राम,
दुपट्ट्यात अडकलेलं कुसळ काढत:
"रिकामाच राहू द्या ना जी.
आमच्या दाखल्यावर कोनी ठेवला नाई."