सोबतच्या व्यक्ती

पालच्या विश्रामगृहात रजिस्टर आहे, हिरव्या कापडात बांधलेलं.
नाव : हेमलता भिरूड. राहणार : रावेर.
वय लिहिताना पेन अडलं,
वयामुळे नाही, रिफिल संपत आलं होतं.
सोबतच्या व्यक्ती :
तिथे मी आडवी रेघ ओढली.
खानसामा गंभीर तडवी त्या रेघेकडे बघत राहिला,
तारेवर कोणी बसतंय का, तसा.
"एकलीच का वं माय?"
"हो."
"मंग भाकरी दोन टाकू का तीन?"

लोखंडी खाट. उशीला कोण्या साहेबाच्या तेलाचा वास.
दारं तीन, तिन्हींना आतून कडी.
पुन्हा उठून तपासल्या.
मग त्या कड्यांना सोबत म्हणून
रात्रभर मीच जागी.

दुसरी रात्र जामन्याच्या पुढे, नाल्याच्या काठी.
वनखात्याचा कागद दुधाच्या धुतलेल्या पिशवीत.
तंबू जळगावचा. दुकानदार म्हणाला होता,
दोघांचाच येतो ताई, एकाचा येत नाही.
मुरमात त्याच्या खुंट्या केसांच्या आकड्यांसारख्या वाकल्या.
बकऱ्या घेऊन चाललेला एक पावरा मुलगा थांबला,
हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
पडलेल्या धावड्याची फांदी तासून पाच खुंट्या केल्या,
दगडाने ठोकल्या.
सहावी? विचारलं,
तर म्हणाला, झाडाला बांध.
झाड आहे ना.

फाल्गुन. साग सगळा उघडा.
पानं खाली, उन्हात घातलेल्या पापडांसारखी कडकडीत.
अशा पानांतून चाललं की मागून कोणीतरी येतं.
मी थांबले की
ते अर्धं पाऊल उशिरा थांबतं.
पहिल्या दिवशी अकरा वेळा वळून पाहिलं.
तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्षात आलं,
आज बघायचं राहूनच गेलं.

त्या रात्री लंगडा आंबा. पुन्हा भिंती.
बादलीभर कढत पाणी, त्यात धुराचा वास,
अंगावर घेतलं आणि मोठ्याने "आई गं" म्हणाले,
कोणी धावत आलं नाही, फार बरं वाटलं.
खाट ओढत ओसरीवर आणली. दार उघडंच.
कुठेतरी मोह गळत होता.

अठ्ठावीस वर्षं मी एक्स्चेंजमध्ये
दुसऱ्यांच्या गावांना दुसऱ्यांची गावं जोडली.
भुसावळ, बोला. सुरत, तुमची पार्टी लाईनवर आहे.
कानात लोकांची मयतं, बारशी, केळीचे भाव.
जोडून द्यायचं आणि मधून निघून जायचं,
हा नियम.
मी कधी कधी निघत नसे.
दोन माणसं काही न बोलता
नुसती फोन धरून बसत,
तेव्हा तर अजिबात नाही.

चौथी रात्र. वरच्या माळावर तंबू, त्याच पाच खुंट्या,
सहाव्या दोरीला अंजनाचं झाड.
दोनच्या सुमारास पानं वाजली.
वाजायची थांबली.
कापडाच्या पलीकडे, हातभर अंतरावर,
कोणीतरी श्वास घेतला, जड, ओला,
नाकाने काहीतरी विचारत असल्यासारखा.
टॉर्च उशाशी होता. हात गेला नाही.
घसा आपोआप तयार झाला, जुन्या सवयीने,
"बोला" म्हणायला.
म्हटलं नाही.
किती वेळ ते माहीत नाही.
तिकडून एक श्वास, इकडून एक,
लाईन स्वच्छ, खरखर नाही,
तीन मिनिटांची घंटा देणारं कोणी नाही.
मग पानं पुन्हा वाजत गेली,
उताराकडे, घाई न करता.

सकाळी ओलसर मातीत अर्धा ठसा.
अस्वल असेल, जामन्याची गायही असेल.
मी फोटो काढला नाही.
स्टोव्हवर चहा केला, साखर जास्त पडली, प्यायले.

तंबू गुंडाळला.
धावड्याच्या खुंट्या दवाने फुगून बसल्या होत्या,
ओढल्या तरी येईनात.
मग राहू दिल्या.
पाच.
आणि ते झाड.