शेवटची सही झालेली किंमत

वकीलबाईंनी विचारलं, तुमच्यापैकी एक गेला तर?
रेइनो म्हणाला, कुठे गेला तर? फ्लोरिडाला?
आम्ही दोघं हसलो.
ब्रँडव्होल्डबाई हसल्या नाहीत, त्यांनी पेनाचं टोपण काढलं,
आणि कलम चौदा जन्माला आलं.

डलुथच्या चढावरचं तीन बिऱ्हाडांचं घर.
खिडकीतून सुपीरियर सरोवर दिसायचं,
पावसाळी दिवसांत छपरातूनही थोडं.
एक लाख अठरा हजार डॉलर, निम्मे त्याचे, निम्मे माझे,
कंपनीचं नाव ‘दोन फावडी’,
कारण खरं भांडवल तेवढंच.

कलम म्हणत होतं:
भागीदार वारला तर उरलेल्याने त्याचा हिस्सा घ्यावा
शेवटच्या सही झालेल्या किमतीला.
किंमत दर जानेवारीत दोघांनी बसून ठरवावी.
त्या पैशांची सोय म्हणून एकमेकांचा आयुर्विमा.
विमेवाल्याने माझा रक्तदाब मोजला, त्याचं वजन विचारलं,
रेइनोने नऊ पौंड खाल्ले आणि मला डोळा मारला.

पहिल्या जानेवारीत सही केली.
दुसऱ्या जानेवारीत पाइप फुटला.
तिसऱ्यात साबोरिन आजी पायरीवरच्या बर्फावरून घसरल्या,
तेव्हा कळलं, घरमालकाच्या दायित्वाचा विमा
नवसापेक्षा थोडा महाग असतो
आणि पावतो मात्र बराच लवकर.
मग, पुढच्या रविवारी बसू.
मग, बर्फ वितळला की बसू.

रेइनो फेब्रुवारीत गेला. फ्लोरिडाला नाही.
तळघरात, बॉयलरशेजारी, हातात पाना.
वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडत होतं,
आलं, आलं, गरम पाणी आलं.

चेक आला एकोणसाठ हजारांचा, एक पैसा कमी नाही.
घर आज तीन लाख चाळीसला जाईल.
ब्रँडव्होल्डबाई म्हणाल्या, कायद्याने तुम्ही मोकळे आहात.
पार्किंगमध्ये मी गाडी सुरू केली, बंद केली.
खोटं कशाला बोलू, आकडेमोड केली:
एक लाख अकरा हजार.
मुलीचं कर्ज फिटत होतं, माझे दोन्ही गुडघे होत होते,
शिवाय एक बोट.
बोट कशाला हवी होती देव जाणे,
मला पोहताही येत नाही.

मार्लिसने कॉफी ओतली,
वेलचीचा वेणीपाव कापला, तीन तुकडे,
मग एक परत डब्यात ठेवला.
तिला कलम चौदा ठाऊक होतं.
तिचीही सही होती कुठेतरी तळाशी, पत्नी म्हणून.
ड्रॉवरमधलं तुझं सामान घेऊन जा, म्हणाली.

अकरा कागद.
दर जानेवारीचा एक, पेन्सिलीने, त्याच्या तिरक्या आकड्यांत:
छप्पर नवं, अधिक नऊ हजार.
आजींचं भाडं वाढवायचं नाही, वजा जे काय असेल ते.
विल्मरची पाठ दुखते, यंदा बर्फ मी काढणार, शून्य.
विल्मरला विचारायचं.
विल्मरला विचारायचं.
खाली दोन रेघा. एकीवर त्याची सही,
दुसरी कोरी. अकराही ठिकाणी कोरी.

एका सहीचा कागद म्हणजे रद्दी,
हे कळायला मला वकील लागत नाही.
शेवटचा आकडा: तीन लाख बावीस हजार.
बाजारापेक्षा अठरा हजार कमी धरले होते त्याने,
माझ्या बाजूने की हिशेबात चुकून,
आता कोण सांगणार.

मार्लिस, पेन आहे का?
पेन्सिल आहे.
तारीख जानेवारीची घालावी की आजची,
यावर आम्ही कॉफी निवेपर्यंत बोललो.
आजची घातली.
उरलेले पैसे कुठून आणायचे, अजून माहीत नाही.
बोट नाही, एवढं नक्की.

निघताना पाहिलं, दाराशी एक फावडं टेकून उभं,
दांड्याला निळी चिकटपट्टी.
माझं होतं ते.
आठ वर्षं शोधत होतो.